बूटवाल्यांचा सोमवार

एल पासो,
शनिवार सकाळ

प्रिय नेमेसिओ,

परवा फोन केला तेव्हा ओफेलिया वहिनी म्हणाल्या, "ते झोपलेत हो, भावजी." आणि त्याच वेळी त्यांच्या मागे तुझी कुबडी फरशीवर वाजली, मग दाराची कडी वाजली, मग पुन्हा कुबडी. झोपेत चालायला लागलास की काय रे? बाई बिचारी तुझ्यासाठी खोटं बोलली. आता रविवारी पाद्र्यापुढे जाऊन कबुली देणार. म्हणजे पाप तुझं आणि गुडघे तिचे. आणखी एक सांगतो, त्या कुबडीच्या बुडाचं रबर झिजलंय. आवाजच सांगतो. जन्मभर दुनियेच्या टाचा बदलल्यास, स्वतःच्या कुबडीची टाच तेवढी जड झाली होय?

मी आता फोन करणार नाही. हे पत्र तुझ्या मारीबेलच्या हातात देतोय. मी तिचा धर्मबाप आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी ती माझ्याच नव्या कोटावर मुतली होती, तेव्हा माझं काम ती टाळणार नाही. आणि पत्राला 'झोपलोय' म्हणून परत पाठवता येत नाही. ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत बसेल. काय हवंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा करू नकोस: येत्या सोमवारी एल पासोला ये. मे महिन्यात तुझा पाय गेला तेव्हापासून तू लास क्रूसेसच्या त्या घराबाहेर पडलेला नाहीस. तिथल्या तुझ्या दुकानाला कुलूप, कोणी आलं की पडदा ओढलेला. वहिनी सांगत नाहीत, पण त्यांचा आवाज सांगतो. बाई पूर्वी फोनवर खिदळायची, आता कुजबुजते, घरात कोणी आजारी तान्हं मूल असल्यासारखी.

तुझ्याशिवाय सोमवार कसे जातात ते ऐक. मी एकटाच चेला मावशीच्या खानावळीत जातो, आपल्या त्याच खिडकीपाशी बसतो. मावशी वजडीचा रस्सा आणून आदळते आणि विचारते, "दुसरा कुठाय? मेला का?" मी म्हणतो, "नाही गं, रुसलाय." "मग काय उपयोग," ती म्हणते, "मेला असता तर निदान मयताच्या नवव्या दिवसाला माझ्याकडून जेवण तरी नेलं असतंत." गेल्या आठवड्यात तिने माझ्यासमोरचा रस्सा उचलून नेला आणि उकडलेला भोपळा आणून ठेवला. आमच्या बायकोने, चायोने, तिला फोन केला होता म्हणे. बायकांनी आपल्याविरुद्ध कट केलाय आणि तू तिकडे पडदे ओढून बसलायस.

मेक्सिकोत, आपल्या लेऑनमध्ये, सोमवारी बूट करणारा माणूस आरीला हात लावत नाही, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. शनिवारी पगार, रविवारी दारू, सोमवारी संत सोमवार. आपल्याला काम शिकवणारे उस्ताद अबुंदियो म्हणायचे, "पंचांगात हा संत नाही, पण याच्याइतके भक्त दुसऱ्या कोणाला नाहीत." इकडे नदी ओलांडून अमेरिकेत आलो, पहिल्या कारखान्यात लागलो आणि पहिल्याच सोमवारी दोघांनी दांडी मारली. मंगळवारी तो लाल मानेचा मुकादम म्हणाला, "काय झालं होतं काल?" तू टोपी काढून छातीशी धरलीस. काय तो चेहरा! "आमचा धर्माचा दिवस होता, साहेब. संत सोमवार." तो बिचारा एकदम गंभीर झाला. "अरे, मग आधी सांगायचं ना!" पुढच्या सोमवारी आपण पुन्हा गेलो नाही तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला की हा सण दर आठवड्याला येतो. दोघांनाही हाकललं. आपण फुटपाथवर बसून इतके हसलो की पोट धरून लोळायची वेळ आली, आणि हसून झाल्यावर तू म्हणालास, "फिदे, आता आपलंच दुकान काढावं लागणार. सोमवारी बंद असणारं." लोक मला विचारतात, तुम्ही हा धंदा कसा उभा केलात, काय हिकमत होती? मी हनुवटी खाजवून मेहनत, सचोटी वगैरे सांगतो. खरं कारण तेवढं तुला ठाऊक आहे.

परवा जुन्या कापडांच्या पेटीत घोरपडीच्या कातड्याचा एक तुकडा सापडला आणि लेऑनची ती जोडी आठवली. उस्तादांचा नियम होता, तळहातापेक्षा लहान तुकडा शिकाऊ पोरांचा. वर्षभर आपण तुकडे जमवले. तू कापताना मुद्दाम तळहातापेक्षा जरा लहान उरेल असं कापायचास, आणि उस्ताद चष्म्यावरून बघत म्हणायचे, "नेमेसिओ, तुझा हात दिवसेंदिवस आखडत चाललाय बाबा." शेवटी दोघांत मिळून एक जोडी झाली. एक बूट पोटाच्या कातड्याचा, मऊ, मधाच्या रंगाचा. दुसरा पाठीचा, खरबरीत, तंबाखूसारखा. आपलं माप एकच, म्हणून रविवारच्या नाचाला पाळीपाळीने घालायचो. एक आत नाचणार, दुसरा चर्चच्या भिंतीआड अनवाणी उभा, गार दगडावर एकदा हा पाय, एकदा तो. आणि ओफेलियाने काय पकडलं! माझ्याबरोबर नाचता नाचता खाली बघून म्हणाली, "मघाशी याच बुटांनी माझा अंगठा चेंगरला होता. पण तेव्हा वर मिशा होत्या." भिंतीआड येऊन मी तुला सांगितलं तर तुझे डोळे चमकले. "म्हणजे तिने मिशा बघितल्या!" तेव्हाच मी समजलो की आता हे बूट मला फारसे मिळणार नाहीत. मला त्या वयात मिशा नव्हत्या, नाहीतर आज ओफेलिया फोनवर माझ्यासाठी खोटं बोलली असती. हे वाक्य चायोच्या कानावर गेलं तर मी नाकारीन.

तुझ्या हाताला मी नेहमी मानलं. तुझ्या अकलेला मानलं नाही, ती गोष्ट वेगळी. अकॉर्डियनवाल्या कुको बारागानचे अजगराचे बूट घे. कातडं सुंदर होतं, एवढे रुंद खवले. पण नेमकी मधोमध जळाल्याची एक खूण. दोन्ही बुटांना डोक्याची बाजू चवड्याकडे यायला हवी, म्हणजे खवले मागे निजतात, हे लेऑनमधलं शेंबडं पोरही सांगेल. तू मात्र ती खूण चुकवायला एक तुकडा उलटा फिरवलास. मी म्हटलं, "नेमे, याचे खवले पुढे तोंड करून बसतील." तू म्हणालास, "पॉलिशखाली कोण बघतोय?" महिनाभर खरंच कोणी बघितलं नाही. मग कातडं वाळलं, खवल्यांच्या कडा उचलल्या, आणि कुको एका लग्नात नवरीबरोबर नाचायला उतरला. तिच्या झग्याचा तो मागचा लांबलचक झालरीचा पदर खवल्यांत अडकला. कुकोला वाटलं, पोरगी आपल्याला चिकटून नाचतेय. तो आणखी रंगात आला. दोन गिरक्या, तिसरी गिरकी, आणि टर्रर्र. सासू किंचाळली, "अरे, सोड तिला, मेल्या!" आणि कुको पायाला हातभर झालर गुंडाळून मंडपभर लंगडतोय.

तो दुकानात आला तेव्हा मी मागच्या दाराजवळ सरकलो, हे मान्य. तू मात्र बूट हातात घेतलास, खवल्यांवरून उलटं बोट फिरवलंस, डोळे मिटलेस आणि पाद्र्याच्या आवाजात म्हणालास, "कुको, हे कातडं मेलेलंच नाही. लाखात एखादं असं निघतं. याला बाई दिसली की हे धरतं."  मी आत गल्ल्याखाली वाकून तोंडात बोळा कोंबला होता. आणि कुकोने घसा साफ करून काय विचारलं? "मग दुसरा पण असाच करून देता येईल का?" अजून तो ते बूट घालतो. दोन्ही. गेल्या महिन्यात भेटला, दात गेलेत सगळे, म्हणाला, "तुमच्या त्या दोस्ताला सांगा, डावा अजून जिवंत आहे, उजवा जरा थकलाय."

आता ताजी बातमी. बुधवारी मार्फा गावाहून टॉल्बर्टसाहेब आले. मी गल्ल्यावर होतो. दार उघडायच्या आधीच ओळखलं, पायरीवर एक बूट बोलतो आणि दुसरा जरा थांबून उत्तर देतो. कोरियाच्या लढाईत पाय ठेवून आलेला हा माणूस आपल्याकडे पहिल्यांदा आला तेव्हाची गोष्ट विसरलास का? गावातल्या सगळ्या बूटवाल्यांनी त्याला परत पाठवलं होतं. लाकडी पाऊल घोट्यात वळत नाही, बुटाच्या उंच नळ्यातून खाली उतरणार कसं? चेन लावावी तर उस्तादांची शिकवण आड येते: चेन लावलेला बूट म्हणजे बाजाराची पिशवी. मीही मान हलवली होती. तू त्या लाकडी पावलाशी मांडी घालून बसलास, दोन दिवस घरी गेला नाहीस. मागच्या शिवणीत आतून चेन बसवलीस आणि वरून मगरीच्या शेपटीची, उभ्या काट्यांची पट्टी अशी बसवलीस की चेन शोधायला बोटाने चाचपावं लागलं. साहेबाने बूट घातला, आरशात बघितलं.  आणि तू तोंडातला दोरा थुंकून म्हणालास, "साहेब, हा पाय फार गुणी आहे. भोवरी नाही, घाम नाही, वास नाही. दुसराही असाच करून घ्या."  म्हटलं, गेलं गिऱ्हाईक. साहेब हसत हसत खुर्चीत बसला आणि हसू थांबलं तरी डोळे पुसतच राहिला.

तर बुधवारी आल्या आल्या त्याने इकडेतिकडे बघितलं. "तो शिव्या देणारा कुठाय?" लास क्रूसेसला वेगळं दुकान काढलंस तरी दर खेपेला त्याच्या मापासाठी तू तिथून यायचास, त्याला तीच सवय. मी सांगितलं, साखरेने पाय नेला, डावा, घोट्याच्या वर. साहेबाने टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "त्याला सांग, माझं माप दुसऱ्या कोणी घेतलेलं मला चालणार नाही. आणि हेही सांग की पहिलं वर्ष मीसुद्धा खोलीतच काढलं. सगळी खोली शोधली. तिथे काही नसतं." जाताना जुने बूट ठेवून गेला. नव्यासाठी मगरीचं पोटाचं कातडं आलंय, लुईझियानाचं, चौकटी इतक्या नीट जशा काही कोणी पट्टी लावून आखल्यात. मागच्या टेबलावर उलगडून ठेवलंय. दुकानातली पोरं येता जाता बघतात, कापायला रापी लावायची कोणाची हिंमत होत नाही.

तू म्हणशील, तू का कापत नाहीस, लेका? तुला काय झालं? हा प्रश्न तू विचारशील म्हणूनच मी आत्तापर्यंत तुला कुको आणि टॉल्बर्टमध्ये गुंतवून ठेवलं. मी महिनाभर गल्ल्यावरच बसतो. चायोने कापायच्या टेबलाशी उभं राहायची बंदी केलीय. समोर एक स्टूल, त्यावर उशी, उशीवर माझा पाय, एखाद्या बिशपसारखा. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो, मुरगळला.

नेमे, मुरगळलेला नाही. ऑगस्टमध्ये माझ्याच जुन्या बुटांना नवा तळ बसवला. आतलं लाकडी कलबूत काढलं आणि तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. बुटात हात घालून आतून चाचपल्याशिवाय उस्तादांनी आपल्याला कधी बूट खाली ठेवू दिला नाही. एका बारीक खिळ्यासाठी त्यांनी माझ्या पाठीत कलबूत घातलं होतं. परक्या माणसाचा एकही बूट मी हात घातल्याशिवाय दिलेला नाही. पण हे माझेच होते. तसेच पायात चढवले. दिवसभर दुकानात उभा राहिलो, बँकेत गेलो, चर्चच्या मंडळींबरोबर खुर्च्या उचलल्या. संध्याकाळी मोजे काढले तर चायो म्हणाली, "अगंबाई, लाल पॉलिश सांडलं की काय?" मीही म्हटलं, पॉलिशच असेल. खिळा टाचेत पुरता बुडलेला होता. दुखलंच नाही रे. जरासुद्धा नाही. रस्त्यापलीकडच्या माणसाच्या टाचेतला सैल खिळा मी इथे बसून ऐकतो, आणि माझ्या पायातला मला कळला नाही. तो खिळा मी चिमट्याने काढला, चायोला हसवलं, वर दारू ओतली आणि दोन आठवडे पाय कोणाला दाखवला नाही. साखर मलाही आहे, तुझं झालेलं डोळ्यांसमोर होतं, तरी दाखवला नाही. आता हाडापर्यंत गेलंय.

मंगळवारी सकाळी कापणार आहेत. डॉक्टरीणबाई तरुण आहे, हात स्थिर, मला आवडली. तिने पेनाने पायावर रेघ काढून दाखवली. मी म्हटलं, "बाई, मागच्या बाजूने कातडं जरा जास्त राखा, शिवण वाळली की ओढ खाते." ती म्हणाली, "तसंच करतात."  ह्यूस्टनहून आमची पोरं येणार आहेत. चायो जपमाळ घेऊन बसते. सगळे माझ्या तोंडाकडे बघून बोलतात, पायाकडे कोणी बघत नाही. चायोला काही विचारलं की ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते. तिला वाटतं, पाण्याच्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येत नाही. मारीबेलला मी सांगितलंय की हे पत्र तुझ्या बापाला घराबाहेर काढायला लिहितोय. पोरीने मान डोलावली, रिकामं पाकीट आणून दिलं आणि माझ्या गालाचा मुका घेतला. तिला कळलेलं असणार. मी घाबरलोय, नेमे. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली तर काय करायचं, उठताना चुकून तोच पाय आधी खाली टाकला जातो का, आणि पहिल्यांदा बघितलंस तेव्हा तू काय केलंस, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. सोमवारी ये आणि रात्री इथेच राहा. मंगळवारी त्या खोलीत माझ्या खाटेजवळ बस, आणि मला शुद्ध आली की माझ्या पायावरची चादर तू काढ. दुसऱ्या कोणाच्या हाताने मला ती काढायची नाही.

तुझाच,
फिदेन्सिओ